रात्रीचा डोस दुप्पट

पुस्तकात लिहिलंय, वेदनेचा आकडा विचारावा.
मी कबाहेंदाला हात वर करायला सांगते.
मिटलेली मूठ म्हणजे काहीच दुखत नाही,
पाची बोटं म्हणजे आता सोसवत नाही.
ती पंजा उघडते.
मग दुसराही उघडते
आणि माझ्याकडं बघून हसते,
बघू, आता काय लिहितेस.

फोर्ट पोर्टलपासून बोडावर दीड तास,
शेवटचा चढ पायी, चहाच्या मळ्याच्या कडेनं.
दारात तिनं आधी माझं लाडकं नाव विचारलं.
आबवोली, म्हटलं.
ते माहीत झाल्याशिवाय आमच्याकडं
बोलणं सुरू होत नाही, मरणाचंसुद्धा.
मग तिनं छातीवरचं कापड बाजूला केलं.

वास मला आधीच भेटला होता, केळीच्या बागेत.
नातू, बालिंदा, नुकताच शाळेतून आलेला,
उंबऱ्याबाहेर उभा, शर्टाचा गळा नाकावर ओढून.
मुलगा कालीसा कागदाची पुडी पुढं करतो.
दुकानातल्या लाल-काळ्या कॅप्सूल,
पैसे असतील त्या दिवशी दोन, नसतील त्या दिवशी एक.
मी रागावत नाही. एवढंच सांगते,
अर्धवट मार खाल्लेला जंतू
शहाणा होऊन परत येतो.

मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या
दोन चमच्यांत दाबून मी त्यांची पिठी करते
आणि जखमेवर भुरभुरते, हलक्या हातानं.
ही जखम भरणार नाही. तिलाही ते ठाऊक आहे.
ही पूड वासासाठी.
वास गेला की माणसं आत येतात.
पुस्तकात याला एक ओळ दिलीय, तीही तळटिपेत.

मग हिरवी बाटली, पाचशे मिली.
कालीसा आवाज उतरवतो:
मॉर्फिन घेतलं की माणूस जातो म्हणे?
फार उशिरा देतात रे, म्हणून तसं वाटतं.
सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा,
प्रत्येक वेळी पाच मिली.
रात्री दहाला दुप्पट,
म्हणजे मध्यरात्री कुणाला उठायला नको.
दुखायची वाट बघायची नाही.
पोट अडेल, पपईच्या बिया वाळवून ठेवा.
सुरुवातीला गुंगी येईल, घाबरू नका.
सोमवार होता. दोनचा पहिला डोस मीच पाजला.
बालिंदा दारातून काही सांगत होता
आणि सांगता सांगता ती झोपून गेली.

पुढच्या बुधवारी गेले तेव्हा वास नव्हता.
चटईवर पाटी, खडूचा तुकडा.
कबाहेंदानं दोन बोटं दाखवली.
मी वहीत दोन लिहिलं, खूश झाले.
सकाळचे अकरा वाजले होते.
दुपारचं मी विचारलंच नाही.

शनिवारी, सहाचा डोस व्हायच्या आधी, ती गेली.

उरलेलं मॉर्फिन मोजून परत न्यावं लागतं.
मी ओट्यावर बसून मापपात्रात ओतलं.
दीडशे उरायला हवं होतं.
एकशे पंच्याण्णव भरलं.
पुन्हा ओतलं. एकशे पंच्याण्णव.
पंचेचाळीस जास्त, म्हणजे नऊ डोस.

भिंतीवर मी चिकटवलेला कागद,
सूर्य, सूर्य, सूर्य, चंद्र,
खाली तिनं कोळशानं ओढलेल्या रेघा.
शनिवार-रविवार सगळे भरलेले.
बाकीच्या दिवशी दोनचा रकाना कोरा.

शाळा कधी सुटते रे?
बालिंदानं सांगितलं.
तू आल्यावर ती काय करायची?
पाढे ऐकायची. चुकलो की चिमटा काढायची.
झोपायची नाही?
नाही.
पहिले काही दिवस मी दारातूनच म्हणायचो, जोरात.

औषधांच्या वहीत शिल्लक लिहिली.
पुढं कारणाचा रकाना, त्यात दोनच चौकटी:
डोस विसरला. डोस नाकारला.
खाली बोडावाला हॉर्न वाजवत होता.
मी दुसऱ्या चौकटीत खूण केली,
मग खोडली,
आणि पानाच्या कडेला, जागा नव्हती तरी,
बारीक अक्षरात लिहिलं:
दुपारी दोन, सतराचा पाढा.